पणजोबांचे पाकीट, ‘ग्वालियर’चा ठसा आणि टपाल खात्याचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील जुन्या वाड्याची आवराआवर करताना पणजोबांच्या नावाचे एक पाकीट सापडले. त्यावरील तिकिटावर इंग्रज बादशहाचे चित्र आहे आणि त्या चित्रावर काळ्या शाईत ग्वाल्हेरचे नाव इंग्रजी व नागरी अशा दोन्ही लिपींत छापलेले आहे. ग्वाल्हेर संस्थानच्या शिंदे सरकारचे टपाल खाते स्वतंत्र होते, तर तिकीट बादशहाचे का? ते खाते नीट चालत असताना केंद्राकडे का गेले? आणि आज टपाल खाते तोट्यात आहे असे ऐकतो, तर ते तोडून ज्या त्या राज्याने किंवा शहराने चालवले तर काय बिघडेल?

मी या खात्यात चौतीस वर्षे काढली. उपडाकघरात कारकून म्हणून लागलो, नंतर निरीक्षक झालो आणि शेवटची काही वर्षे विभागीय अधीक्षक होतो. आपले तिन्ही प्रश्न मला एकाच प्रश्नाच्या तीन बाजू वाटतात, म्हणून त्यांचे उत्तर एकत्रच देतो. बाहेरच्या माणसाला टपाल खाते म्हटले की पोस्टमन आणि त्याची पिशवी दिसते. आत काम केलेल्याला मात्र रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, दिसते. पत्र वाहून नेणे हे या खात्याचे काम खरेच, पण त्याहून अवघड काम आहे ते एकमेकांना कधीही न भेटणाऱ्या हजारो माणसांच्या हातून जाणारी पत्रे, तिकिटे आणि रोकड यांचा हिशेब रोजच्या रोज जुळवण्याचे. हा हिशेब कसा मांडायचा, यावरच टपाल एका गावाचे राहणार, एका संस्थानाचे राहणार की देशाचे होणार हे ठरत आले आहे.

१८५४ पूर्वी कंपनी सरकारच्या मुलखात पत्राचा आकार, म्हणजे त्याचे शुल्क, वजनावर आणि अंतरावर ठरत असे, आणि पैसे पुष्कळदा पत्र घेणाऱ्याकडून वसूल केले जात. म्हणजे प्रत्येक पत्र हे स्वतंत्र येणे होते. ते कोठून निघाले, किती कोस आले, कोणी किती द्यायचे, दिले की नाही, हे सगळे त्या एका कागदापायी लिहावे लागे. इंग्लंडात टपाल सुधारणेचे प्रणेते रोलंड हिल यांनी लंडनहून एडिंबरोला पत्र वाहून नेण्याचा खर्च पत्रामागे पेनीचा छत्तिसावा हिस्सा इतकाच येतो, असे गणित मांडून दाखवले होते. खरा खर्च अंतराचा नव्हेच, तो पत्र घेण्याचा, निवडण्याचा, बटवड्याचा म्हणजे घरोघर वाटण्याचा, आणि मुख्य म्हणजे हिशेबाचा. हीच गोष्ट आपल्याकडे गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात अमलात आली. १८५० साली नेमलेल्या आयोगाच्या अहवालानंतर १८५४ चा टपाल कायदा झाला, सगळे खाते एका महासंचालकाच्या हाताखाली आले आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते पुण्याहून साताऱ्याला जावो की कलकत्त्याला, असा एकच दर लागू झाला. तिकीट विकले तेथेच हिशेब संपला. पुढे ते पत्र कितीही हातांतून गेले तरी पैशासाठी कोणी त्याची नोंद करायची नाही, इतकी साधी ही सुधारणा होती. आपल्या पाकिटावरच्या ठशाचे मूळ याच सुधारणेत आहे.

संस्थाने या व्यवस्थेच्या बाहेर होती. त्यांच्याकडे जासूद, हरकारे, सांडणीस्वार होते आणि दरबाराचे कागद त्यांच्यामार्फत वेळेवर जात. रयतेचे पत्र हद्दीबाहेर पाठवायचे झाले की अडचण सुरू होई, कारण हद्दीवर पुन्हा आकार, पुन्हा नोंद, पुन्हा वसुली. यावर वेगवेगळ्या संस्थानांनी वेगवेगळी वाट काढली. इंदुरास होळकर सरकारने १८८६ साली तुकोजीराव महाराजांच्या चित्राचे स्वतःचे तिकीट काढले. ते दिसायला देखणे होते, पण ते संस्थानाच्या हद्दीतच चाले, आणि बाहेर जाणाऱ्या पत्राला इंग्रजी तिकीट लावावे लागे. बडोद्याने स्वतःची तिकिटे काढलीच नाहीत. ग्वाल्हेरने तिसरी वाट धरली. १८८५ साली शिंदे सरकारने हिंदुस्थान सरकारशी टपालाचा करार केला. पतियाळा, नाभा, जींद, चंबा आणि फरीदकोट या संस्थानांनीही त्याच सुमारास असे करार केले. खाते संस्थानाचे, नोकर संस्थानाचे, विक्रीचे उत्पन्न संस्थानाचे, पण दर आणि नियम मात्र ब्रिटिश हिंदुस्थानातलेच. तिकिटेही तीच असत. हिंदुस्थान सरकार ती संस्थानाचे नाव छापून पुरवी, आणि असे तिकीट लावलेले पत्र संस्थानात तसेच साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात जादा आकार न पडता पोचे. परदेशी पत्राला मात्र ते चालत नसे.

म्हणून बादशहाचे चित्र. होळकरांनी चित्र आपले ठेवले आणि हद्द पत्करली. शिंद्यांनी चित्र सोडले आणि पोच मिळवली. माझ्या मते प्रशासनाच्या दृष्टीने ग्वाल्हेरचा निर्णय अधिक दूरदृष्टीचा होता, आणि त्यामागचे तत्त्व त्या काळी जगभर मान्य होत होते. १८७४ साली बर्न येथे देशोदेशींच्या टपाल खात्यांचा जो संघ स्थापन झाला, त्याचाही पाया हाच होता की, ज्याने तिकीट विकले त्याने पैसे ठेवावेत आणि ज्याच्याकडे पत्र आले त्याने ते आणखी काही न मागता पोचते करावे, कारण पत्राला बहुधा उत्तर येते आणि सरासरीत दोघांचे फिटते. पत्रागणिक देणेघेणे मोजत बसण्यापेक्षा ते मोजायचेच नाही असे दोन सरकारांनी ठरवणे, यापेक्षा मोठी काटकसर टपालाच्या इतिहासात मला तरी ठाऊक नाही. मनीऑर्डरीत प्रत्यक्ष रक्कम एका तिजोरीतून दुसऱ्या तिजोरीत जायची असते, त्यामुळे तिथे मात्र असे सरासरीचे तत्त्व चालत नाही आणि पैन् पैचा हिशेब करावाच लागतो.

‘नाव छापणे’ हा नुसता मानाचा भाग नव्हता, हेही सांगायला हवे. ज्या तिकिटावर ग्वाल्हेरचे नाव ते ग्वाल्हेरच्या तिजोरीत विकले गेले, हे पाहताक्षणी कळावे यासाठी तो ठसा होता. तो ठसा हीच हिशेबाची खूण होती. दरबाराच्या कचेऱ्यांसाठी १८९५ पासून वेगळी, सर्व्हिसची तिकिटे निघाली, त्यामागेही हाच विचार आहे. सरकारी कागद फुकट न्यायचे म्हटले की प्रत्येक कारभारी घरचे पत्रही सरकारी थैलीत टाकतो, आणि टपाल खात्याने केलेले काम कोठेच जमा दिसत नाही. कचेरीने तिकीट विकत घेतले की तिचा खर्च तिच्या नावे पडतो आणि टपालाचे काम टपालाच्या नावे जमा होते. आजही एखाद्या योजनेचे काम डाकघरावर टाकताना त्याचा मोबदला ठरला नाही की मला या तिकिटांची आठवण होते.

आता विलीनीकरण. मे १९४८ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील इतर संस्थाने मिळून मध्य भारत संघ झाला, जिवाजीराव महाराज त्याचे राजप्रमुख झाले. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली आणि तिच्या सातव्या अनुसूचीत टपाल व तार हा विषय संघसूचीत, म्हणजे केंद्राच्या विषयांच्या यादीत, ३१ व्या क्रमांकावर बसला. डाकघर बचत बँक त्याच सूचीत ३९ व्या क्रमांकावर आहे. १ एप्रिल १९५० पासून संस्थानाचे टपाल खाते केंद्राच्या खात्यात आले, आणि ग्वाल्हेरच्या नावाची तिकिटे त्या वर्षाच्या अखेरपर्यंत चालू देण्यात आली. खाते वाईट चालत होते म्हणून ते गेले, असे समजण्याचे कारण नाही. करारामुळे दर, नियम, नमुने, वह्या सारे पासष्ट वर्षे एकच होते, त्यामुळे विलीन करताना हिशेबाची फारशी मोडतोड करावी लागली नाही. ग्वाल्हेरच्या महाराज बाडा चौकातल्या डाकघरात माणूस त्याच खिडकीशी उभा राहून पत्र टाकू शकत होता. बदलले ते इतकेच की दिवसअखेरची शिल्लक कोणाच्या नावे लिहायची.

‘तोडून चालवले तर काय बिघडेल’ या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आपल्याला शाखा डाकघरात न्यायला हवे. देशात दीड लाखाहून अधिक डाकघरे आहेत, त्यांतील दर दहांतली सुमारे नऊ ग्रामीण भागात आहेत, आणि त्यांतली बहुतेक एका खोलीची शाखा डाकघरे आहेत. शाखेचा पोस्टमास्तर सकाळी थैली उघडतो ती लाखेचा शिक्का शाबूत आहे का ते पाहून. थैलीत उपडाकघराची चिठ्ठी असते. तिच्यात किती नोंद केलेली पत्रे, किती मनीऑर्डरी, किती रोकड, किती तिकिटे पाठवली हे लिहिलेले असते. ती ताडून तो पोच देतो. संध्याकाळी दिवसाचा हिशेब लिहितो. आरंभीची शिल्लक, मिळालेले, दिलेले आणि उरलेले, असे चार आकडे जुळले की तो कागद थैलीत घालून उपडाकघराला परत जातो. तेथे अनेक शाखांचा हिशेब एक होतो आणि मुख्य डाकघरात जातो, मुख्य डाकघराचा टपाल मंडळाच्या (सर्कलच्या) लेखा कार्यालयात. आता हे काम हातातल्या यंत्रावर होते, पण चार आकडे तेच आहेत.

यातील सर्वांत नाजूक बाब आहे ती शाखेत किती रोकड ठेवू द्यायची ही. प्रत्येक शाखेला किमान आणि कमाल शिल्लक ठरवून दिलेली असते, आणि थैलीतून एका वेळी किती रक्कम न्यायची यालाही मर्यादा असते. ही मर्यादा अधीक्षक ठरवतो. आकडा कमी ठेवला तर निवृत्तिवेतनासाठी चार कोस चालत आलेली म्हातारी ‘पैसे उद्या येतील’ ऐकून परत जाते. आकडा जास्त ठेवला तर एकट्या माणसाच्या खोलीत नको इतकी रोकड पडून राहते. आमच्या बाजूला चंबळच्या बेहडांतल्या, म्हणजे घळींतल्या, वाटा होत्या. तेथून थैली घेऊन जाणाऱ्याच्या जिवाची जबाबदारी त्या आकड्यावर सही करणाऱ्याची असे. मी निरीक्षक असताना या मर्यादा जुन्या कागदांवरून तशाच पुढे चालवल्या जात. एकदा एका शाखेत तपासणीला गेलो तेव्हा रोकड बरोबर जुळली, वह्या नीटनेटक्या होत्या, आणि मी समाधानाने उठणार तोच बाहेर बसलेल्या बायकांपैकी एकीने सांगितले की आपण तिसऱ्यांदा पैशासाठी आलो आहोत. शाखेला ठरवून दिलेली रक्कम दहा वर्षांपूर्वीची होती आणि तेवढ्यात तिच्या गावातल्या निम्म्याच मनीऑर्डरी भागत होत्या. हिशेबात चूक शून्य, आणि सेवा निम्मी. त्यानंतर मी प्रत्येक तपासणीत रोकड मोजण्याआधी वाटायच्या राहिलेल्या मनीऑर्डरी किती दिवसांच्या आहेत ते पाहू लागलो, आणि हाताखालच्या निरीक्षकांनाही तेच शिकवले.

तपासणीचे दुसरे अंग म्हणजे झालेल्या कामाची शहानिशा. मनीऑर्डर दिल्याचा कागद आणि त्यावरचा अंगठा जुळला म्हणजे पैसे मिळाले असे होत नाही. काही कागद निवडून निरीक्षकाने त्या माणसाच्या दारात जाऊन ‘पैसे मिळाले का, किती, कोणत्या दिवशी’ हे विचारायचे असते. बचत बँकेची पासबुके गोळा करून ती खतावणीशी ताडायची असतात. टपालाचा कारभार विश्वासावर चालतो हे म्हणणे अर्धेच आहे. प्रत्येक हाताच्या पाठीमागे दुसरा हात आणि दोन्ही हातांच्या पाठीमागे अधूनमधून दारात येणारा तिसरा माणूस, अशी ती बांधणी आहे. शहराने स्वतःचे टपाल काढले तर हा तिसरा माणूस कोणाचा, हा माझा पहिला प्रश्न असतो.

दुसरा प्रश्न पैशाचा. ग्वाल्हेर शहरातील बटवडा, दाट वस्ती आणि व्यापारी टपाल यांमुळे, आपल्या पायांवर उभा राहू शकेल. श्योपुरच्या जंगलातल्या शाखेचा बटवडा कधीच राहणार नाही. एकच दर म्हणजे शहराने गावाचा वाटा उचलायचा असे न बोलता ठरलेले असते. शहर वेगळे निघाले की ते बोलून दाखवावे लागेल आणि मग प्रत्येक अंदाजपत्रकात त्यावर भांडावे लागेल. एका अर्थाने हे विभाजन होऊनही गेले आहे. १८९८ च्या टपाल कायद्याने पत्रे वाहून नेण्याचा एकाधिकार सरकारकडे ठेवला होता. २०२३ च्या नव्या कायद्यात, जो १८ जून २०२४ पासून लागू झाला, तो राहिलेला नाही, तिकिटे काढण्याचा अधिकार तेवढा राखलेला आहे. किफायतीचे टपाल कुरिअर कंपन्यांकडे त्याआधीच गेले होते. त्यामुळे जे खाते तोट्यात दिसते ते बरेचसे तोट्याचाच वाटा हाती उरलेले खाते आहे. शिवाय बचत बँकेचे काम ते वित्त मंत्रालयासाठी करते. त्यातील ठेवी टपालाचे उत्पन्न नव्हेत, बचतीच्या प्रत्येक खात्यामागे ठरलेला मोबदला हेच उत्पन्न. अनेक वर्षे पन्नास पैशांवर ठेवलेले पोस्टकार्ड हा सरकारचा निर्णय आहे, पण त्याची तूट मात्र डाकघराच्या नावे पडते. तुटीचा आकडा वाचताना ती कोणाच्या निर्णयाची तूट आहे हे विचारावे, असा माझा आग्रह आहे.

तारेचा विषय येथेच येतो, कारण पुष्कळांना वाटते की टपाल आणि तार ही जन्मापासून जुळी भावंडे आहेत. तसे नाही. तारेची उभारणी विल्यम ओशॉनेसी या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली स्वतंत्र खात्याने केली, १८५४ साली ती लोकांना खुली झाली, आणि आग्र्याहून मुंबईकडे जाणारी तार आपल्याच ग्वाल्हेर-इंदूरच्या रस्त्याने गेली. तिचा हिशेब टपालाच्या उलट होता. प्रत्येक तारेचे शब्द मोजायचे, प्रत्येकीचा आकार वेगळा, आणि पाठवलेल्या तारांचे कागद तपासणीसाठी कलकत्त्याच्या चेक ऑफिसकडे जायचे. पुढे लहान गावांत डाकघरातच तारेचे यंत्र बसवले, कारण दोन इमारती आणि दोन पोस्टमास्तर परवडणारे नव्हते. १९१४ साली दोन्ही खाती एक झाली. १९२५ साली सगळ्या हिशेबाची फेरमांडणी होऊन टपाल, तार आणि टेलिफोन यांतील प्रत्येक शाखा स्वतःच्या उत्पन्नावर चालते की करदात्याच्या, हे प्रथमच नीट दिसू लागले. मला हे १९२५ चे काम १९१४ च्या एकत्रीकरणाहून महत्त्वाचे वाटते. टेलिफोनला भांडवल हवे होते आणि टपालाला माणसे, हा फरक पुढे वाढतच गेला आणि १९८५ साली टपाल व दूरसंचार असे दोन वेगळे विभाग झाले. ते टाळता आले नसते. मात्र त्यामुळे टपालाच्या शेजारी बसलेले कमावते भावंड गेले. तार स्वतः १४ जुलै २०१३ च्या रात्री बंद झाली.

राष्ट्रीय खात्याचा दोष कोणता, असे विचाराल तर मी ग्रामीण डाक सेवकाकडे बोट दाखवीन. शाखा डाकघर चालवणारा हा माणूस खात्याचा पूर्ण नोकर नाही, त्याला दिवसाला चार किंवा पाच तासांचे काम असते, आणि शाखेची जागाही पुष्कळदा त्यालाच द्यावी लागते. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे पद हे नागरी सेवेतील पद आहे असे मान्य केले, म्हणजे चौकशीशिवाय त्याला काढता येत नाही. पगार, निवृत्तिवेतन या बाबतीत मात्र तो अजून वेगळाच आहे. वर सांगितलेले चार आकडे रोज जुळवणारा हा माणूस खात्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक हात आहे. खाते तोडून त्याचे भले होणार नाही, पण खाते एक ठेवून त्याला अर्धवट ठेवणे मला कधीच न्याय्य वाटले नाही.

जाता जाता पत्त्याविषयी. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली आणि ती श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी बसवली. हे टपालातले अधिकारी संस्कृतचे कवीही होते. आपल्या लष्करच्या ४७४००१ या आकड्यात पहिले तीन अंक पत्रे निवडण्याचा (सॉर्टिंगचा) जिल्हा सांगतात आणि शेवटचे तीन बटवड्याचे डाकघर, म्हणजे पत्त्याची भाषा न कळणाऱ्यालाही थैली ठरवता येते. पणजोबांच्या काळी ही सोय नव्हती. आपल्या पाकिटावर पत्ता मोडीत असेल तर ते निवडणाऱ्याला मोडी येत होती असे समजावे.

त्या पाकिटाकडे आता असे पाहा. तिकिटावर उमटलेला गोल शिक्का पत्र कोठे आणि कोणत्या दिवशी टाकले ते सांगेल. पाकीट उलटे करा, पाठीवर पोचल्याचा शिक्का असेल, मधल्या एखाद्या डाकघराचाही असू शकेल. दोन तारखांतले अंतर म्हणजे त्या वेळचा प्रवास. ठसा काळ्या शाईत आहे आणि त्यात ‘सर्व्हिस’ शब्द नाही, तर ते दरबारी नव्हे, खासगी पत्र आहे. तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नका. सुटे तिकीट कोणत्याही अल्बमात मिळते, पण शिक्क्यांसह असलेल्या पाकिटावर त्या पत्राचा सगळा हिशेब लिहिलेला आहे. ते आम्ल नसलेल्या कागदात, उन्हापासून दूर, आडवे ठेवा आणि पाठीवरच्या तारखा वाचता आल्या तर मला अवश्य कळवा.